मताविना वजन

१९१५ साली फ्लोरिडाच्या विधिमंडळाने एक अजब दान दिलं. राज्याच्या दक्षिण टोकाला, एव्हरग्लेड्सच्या पाणथळीत, पॅराडाइज की नावाचा उंचवटा आहे. भोवती मैलोन्‌मैल गवत आणि पाणी, मधेच दाट झाडीचं बेट, आणि त्या झाडीतून माना वर काढून उभे असलेले रॉयल पाम. तिथली ९६० एकर जमीन सरकारने फ्लोरिडा फेडरेशन ऑफ विमेन्स क्लब्ज या संस्थेच्या, म्हणजे राज्यभरातल्या महिला क्लबांच्या महासंघाच्या, हवाली केली. उद्यान करा, सांभाळा, लोकांना दाखवा. विधेयकात खर्चासाठी पैसेही मागितले होते. तेवढी ओळ आमदारांनी कापली.

जंगल घ्या, पैसा मागू नका. एखाद्या पुरुषांच्या संस्थेपुढे असा प्रस्ताव ठेवायला आमदार धजावले असते का, अशी शंका येते. बायकांनी मात्र तो घेतला. कारण महासंघाच्या अध्यक्ष मे मॅन जेनिंग्ज यांना राजधानी टॅलाहासीतली विधिमंडळाची इमारत आणि तिथली माणसं पुरती ठाऊक होती. आज जमीन पदरात पाडून घ्यावी, पैसा पुढच्या अधिवेशनात मागावा, आणि तेव्हा नाही मिळाला तर त्याच्या पुढच्या, हा त्यांचा हिशेब होता. तो पुरा व्हायला वर्षं लागली. पण जमीन ताब्यात होती.

यातली खरी गंमत अशी की ज्या आमदारांकडे त्या खेटे घालत होत्या, त्यांच्यापैकी एकालाही निवडून देण्याचा वा पाडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. अमेरिकेत बायकांना मत मिळालं १९२० मध्ये. ती घटनादुरुस्ती फ्लोरिडाने स्वतःहून मान्य केली थेट १९६९ साली. तोवर माणूस चंद्रावर उतरायला दोन महिने उरले होते.

मे मॅन यांचा जन्म १८७२ चा, न्यू जर्सीतला. वडील ऑस्टिन मॅन कुटुंब घेऊन फ्लोरिडात आले, क्रिस्टल रिव्हरच्या परिसरात स्थिरावले आणि राज्याच्या सिनेटवर गेले. आई लवकर गेली. मुलगी सेंट ऑगस्टीनच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकली आणि मोठी झाल्यावर अधिवेशनाच्या काळात वडिलांच्या मदतीला टॅलाहासीत राहू लागली. कोण कुणाच्या शब्दाबाहेर नाही, कोणतं विधेयक कोणत्या समितीत मारलं जातं, हे तिने विशीच्या आत पाहिलं. १८९१ मध्ये विल्यम शर्मन जेनिंग्ज या तरुण वकिलाशी लग्न झालं. हे गृहस्थ पुढे १९०१ ते १९०५ राज्याचे गव्हर्नर होते. म्हणजे १९१४ मध्ये महासंघाचं अध्यक्षपद आलं तेव्हा बाई आमदाराची मुलगी होत्या, माजी गव्हर्नरची पत्नी होत्या आणि जॅक्सनव्हिलच्या महिला क्लबातल्या कर्त्या कार्यकर्त्या होत्या. पहिल्या दोन गोष्टी नसत्या तर तिसरी किती पुरली असती, हा प्रश्न आहे आणि त्याकडे पुढे यायचंच आहे.

'क्लब' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जिमखाना येतो, पत्ते, टेनिस, सायंकाळची वर्दळ. हे क्लब तसे नव्हते. आपल्याकडच्या महिला मंडळाचं रूप त्यांच्या अधिक जवळचं: ठरलेला वार, कुणाच्या तरी घरची बैठक, निबंधवाचन, चहा, वर्गणी, आणि मग हळूहळू गावच्या शाळेची, दवाखान्याची, पाण्याची उठाठेव. सुरुवात मानापमानातून झाली. १८६८ मध्ये चार्ल्स डिकन्स न्यू यॉर्कला आले असता पत्रकारांच्या क्लबाने डेल्मॉनिकोज या हॉटेलात त्यांना मेजवानी दिली. जेन कनिंगहॅम क्रोली या नावाजलेल्या पत्रकार बाईंनी तिकीट मागितलं, तर स्त्री म्हणून त्यांना टाळण्यात आलं. क्रोलींनी 'सोरोसिस' नावाचा स्वतंत्र क्लबच काढला. एकवीस वर्षांनी सोरोसिसने देशभरच्या क्लबांना बोलावलं आणि १८९० मध्ये त्यांचा राष्ट्रीय महासंघ झाला. त्यानंतर राज्यागणिक महासंघ निघत गेले. पहिला मान मेन राज्याचा, १८९२ चा.

फ्लोरिडाचा महासंघ १८९५ मध्ये ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज या छोट्या गावी जन्मला. क्लब होते पाच. यजमान क्लबाचं नाव साहित्यिक वगैरे नव्हतं. ती होती 'व्हिलेज इम्प्रूव्हमेंट असोसिएशन', ग्रामसुधार मंडळ. त्या काळी फ्लोरिडात गुरं आणि डुकरं मोकळी सोडायची रीत होती. ज्याला पीक किंवा बाग राखायची असेल त्याने आपल्या जमिनीला कुंपण घालावं. गुरांच्या मालकाची काही जबाबदारी नाही. या जनावरांनी रस्ते घाण व्हायचे, बागा उद्ध्वस्त व्हायच्या. बायकांचं सार्वजनिक काम इथून सुरू झालं: पायवाटा बांधा, झाडं लावा, डुकरं हटवा. गुरं बांधून ठेवण्याचा कायदा हवा, ही महासंघाची मागणी वर्षानुवर्षं ठरावांत येत राहिली. जेनिंग्जबाईंनीही ती लावून धरली. गुरांच्या मालकांचं विधिमंडळात एवढं वजन होतं की तो कायदा व्हायला १९४९ उजाडलं.

आता अध्यक्षपदाविषयी. राज्य महासंघाच्या अध्यक्षाकडे सत्ता म्हणावी असं जवळजवळ काही नसतं. प्रत्येक क्लब स्वायत्त असतो. त्याची वर्गणी, त्याचे पदाधिकारी, त्याचं काम तो ठरवतो. अध्यक्ष कुणाला आदेश देऊ शकत नाही, कुणाला काढू शकत नाही, पगार देऊ शकत नाही आणि घेतही नाही. हाती असतं ते इतकंच: वार्षिक अधिवेशनाची विषयपत्रिका, विभागांच्या प्रमुख नेमण्याचा अधिकार, आणि पत्राच्या डोक्यावर छापलेलं पद. उरलेलं सगळं विनंतीवर चालतं. सत्तेचं हे सर्वांत अवघड रूप आहे असं मला वाटतं, कारण इथे नाराज माणूस भांडत बसत नाही, नुसता गप्प बसतो. ठराव एकमताने होतो आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात त्याखाली काहीच लिहिलेलं नसतं.

जेनिंग्जबाईंचं हत्यार होतं पत्र. त्यांचा पत्रव्यवहार आज गेन्सव्हिलच्या फ्लोरिडा विद्यापीठात जतन केलेला आहे आणि लिंडा व्हान्स यांनी त्यावरून लिहिलेलं चरित्र १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातून दिसणारी पद्धत आजच्या कुठल्याही चळवळीला लाज वाटावी इतकी शिस्तीची आहे. सगळ्यांनी सगळ्यांना पत्रं लिहायची नाहीत. ज्या गावचा आमदार, त्या गावच्या क्लबाने त्यालाच लिहायचं, कारण त्याची बायको, बहीण नाही तर शाळेतली बाई त्या क्लबात असतेच. त्याने काय उत्तर दिलं ते अध्यक्षांना कळवायचं. कुणी आश्वासन दिलं, कुणी टोलवलं, याची खबर टॅलाहासीत पोचण्याआधी जॅक्सनव्हिलला त्यांच्या टेबलावर पोचलेली असायची.

महासंघाच्या इतिवृत्तांत एक गोष्ट खटकते. बायकांच्या या नोंदींमध्ये बायकांची नावं सापडत नाहीत. सगळीकडे 'मिसेस डब्ल्यू. एस. जेनिंग्ज', 'मिसेस कर्क मन्रो'. विधेयक आणणारी, पैसा उभा करणारी, भाषण करणारी बाई कोण हे शोधायचं तर आधी तिच्या नवऱ्याची आद्याक्षरं लावावी लागतात.

या मिसेस कर्क मन्रो म्हणजे मेरी बार मन्रो. पॅराडाइज की वाचवण्याचा ध्यास मुळात यांचा आणि एडिथ गिफर्ड यांचा. दोघी मायामीजवळच्या कोकोनट ग्रोव्हच्या. बगळ्याच्या पिसांची टोपी घातलेली बाई रस्त्यात दिसली की मन्रोबाई तिला तिथेच थांबवून खडसावत, असं सांगतात. हा काही नुसता विक्षिप्तपणा नव्हता. टोप्यांच्या फॅशनपायी दक्षिण फ्लोरिडातल्या बगळ्यांच्या वसाहतीच्या वसाहती मारल्या जात होत्या, आणि ही कत्तल रोखायला नेमलेला रक्षक गाय ब्रॅडली १९०५ मध्ये फ्लेमिंगो गावाजवळ गोळी लागून मेला होता. टोपी घालणारी बाई आणि टोपी उतरवायला लावणारी बाई, दोघी एकाच वर्गातल्या, क्वचित एकाच क्लबातल्या. म्हणूनच ते खडसावणं लागू पडत असावं.

उद्यानाला सरकारी जमिनीखेरीज दुसरीही जमीन मिळाली. ती कुठून आली? रेल्वेतून. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर रेल्वे आणि हॉटेलं उभारणारे हेन्री फ्लॅग्लर १९१३ मध्ये वारले. त्यांच्या विधवा पत्नी मेरी केनन फ्लॅग्लर यांनी सरकारच्या जमिनीइतकीच, ९६० एकर, जमीन महासंघाला दिली. फ्लॅग्लर यांच्या जमीन कंपनीचे जेम्स इंग्रॅहम यांचाही यात हात होता, आणि तिकडे जाणाऱ्या रस्त्याला नाव त्यांचंच होतं. जमिनीचा धंदा करणाऱ्या कंपनीला शेजारी एक सुंदर उद्यान असणं तोट्याचं नव्हतं, हेही नोंदवून ठेवायला हवं.

पण खरा पेच जेनिंग्जबाईंच्या घरातच होता. एव्हरग्लेड्सचं पाणी काढून शेतजमीन करायची, या धोरणाचा पाया गव्हर्नर जेनिंग्ज यांच्या कारकिर्दीत घातला गेला. दलदलीच्या जमिनींवर रेल्वे कंपन्यांचा नव्हे, राज्याचा हक्क आहे, ही भूमिका त्यांनी घेतली. पुढचे गव्हर्नर नेपोलियन ब्रोवर्ड यांनी कालवे खणायला यंत्रं लावली तेव्हा जेनिंग्ज त्या कामाचे कायदे सल्लागार होते. नवरा दलदल कोरडी करायच्या कामात आणि बायको त्याच दलदलीतलं एक बेट राखायच्या खटपटीत. यात नाट्य शोधण्याचा मोह होतो, पण बाईंना स्वतःला यात विसंगती दिसत होती असं त्यांच्या कामावरून वाटत नाही. त्यांच्या पिढीला निसर्ग राखणं म्हणजे सुंदर तुकडा निवडून त्याला कुंपण घालणं वाटे. पाणी अडलं की तो तुकडाही वाळतो, हे कळायला आणखी तीस वर्षं आणि बऱ्याच आगी लागल्या.

२३ नोव्हेंबर १९१६ रोजी रॉयल पाम स्टेट पार्कचं उद्घाटन झालं. मायामीत महासंघाचं अधिवेशन भरलं होतं. तिथून मोटारींची रांग कच्च्या रस्त्याने जंगलात गेली. फ्लोरिडातलं हे पहिलं राज्य उद्यान, आणि ते चालवत होता बायकांचा महासंघ. मग रोजचा व्याप सुरू झाला. रखवालदाराचा पगार, वणवे, बेटातल्या रंगीत गोगलगायी गोळा करायला येणारे संग्राहक, झाडांवरची ऑर्किडं उपटून नेणारे पाहुणे. क्लबांनी वर्गण्या काढल्या, डेड काउंटीकडे हात पसरला, पाहुण्यांसाठी लॉज बांधलं. १९२१ मध्ये विधिमंडळाने आणखी २०८० एकर दिले आणि उद्यान ४००० एकरांचं झालं. १९२६ च्या चक्रीवादळाने झाडांची दाणादाण उडवली. अध्यक्ष येत गेल्या, जात गेल्या. जेनिंग्जबाईंची मुदत १९१७ लाच संपली होती; पण उद्यानाच्या समितीत, पत्रव्यवहारात आणि टॅलाहासीच्या पायऱ्यांवर त्या पुढेही दिसत राहिल्या. सेमिनोल आदिवासींसाठी जमीन राखून ठेवण्याचा लढाही त्यांच्याच काळातला. १९१७ मध्ये सुमारे लाखभर एकरांचा कायदा झाला, जरी ती जमीन बहुतेक पाण्याखालचीच होती. राज्याला वनखातं मिळावं म्हणून त्यांनी दशकभर पाठपुरावा केला आणि १९२७ मध्ये ते झालं.

अखेर १९४७ मध्ये एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यान झालं आणि महासंघाने आपले ४००० एकर त्यात घातले. आज होमस्टेडच्या बाजूने आत शिरलं की चारेक मैलांवर ही जागा लागते. जुन्या इंग्रॅहम रस्त्याच्या एका तुकड्यावरूनच अनहिंगा ट्रेल ही पायवाट जाते. दोन्ही बाजूंना मगरी ऊन खात पडलेल्या असतात आणि हिवाळ्यात गिधाडं गाड्यांच्या खिडक्यांचं रबर खातात, म्हणून वाहनतळावर गाड्या झाकायला ताडपत्र्या ठेवलेल्या असतात. या जंगलाचा एकतीस वर्षांचा सांभाळ वर्गणीवर चालला होता, याचा पत्ता बहुतेक पाहुण्यांना नसतो.

इथवरची गोष्ट महासंघाच्या स्मरणिकेत शोभेल अशी आहे. पण या महासंघात सगळ्या बायका नव्हत्या.

१९०० मध्ये मिलवॉकीला राष्ट्रीय महासंघाचं अधिवेशन झालं. बॉस्टनच्या जोसेफिन सेंट पिअर रफिन तिथे तीन संस्थांच्या वतीने आल्या. दोन संस्था गोऱ्या बायकांच्या होत्या, त्यांचं प्रतिनिधित्व चाललं असतं. तिसरी 'न्यू इरा क्लब' कृष्णवर्णीय बायकांची, रफिन यांनी स्वतः स्थापलेली. तिला प्रवेश नाकारला गेला. रफिन यांच्या अंगावरचा प्रतिनिधीचा बिल्ला ओढून घेण्याचाही प्रयत्न झाला. गोऱ्या संस्थांच्या नावाने बसण्याची सवलत त्यांनी धुडकावली. दोन वर्षांनी लॉस एंजेलिसला जी तडजोड झाली, तिने दक्षिणेतल्या राज्यांना हवं तेच मिळालं: दार बंदच राहिलं. फ्लोरिडाचा महासंघही गोऱ्यांचाच होता. दुपारच्या बैठकीला निघालेल्या बाईचं घर आणि मुलं सांभाळायला मागे जी राही, ती बहुधा कृष्णवर्णीय असे.

फ्लोरिडातल्या कृष्णवर्णीय बायकांचा महासंघ वेगळा, १९०८ सालचा. जेनिंग्जबाईंची मुदत संपली त्याच वर्षी, १९१७ मध्ये, त्याच्या अध्यक्ष झाल्या मेरी मॅक्लाउड बेथ्यून.

बेथ्यून यांचा जन्म १८७५ चा, साउथ कॅरोलायनातल्या मेसव्हिलचा. आईबाप गुलामगिरीतून सुटलेले. सतरा भावंडांत या पंधराव्या. १९०४ मध्ये डेटोनाला त्यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा हाताशी दीड डॉलर होता आणि विद्यार्थिनी पाच. रताळ्याचे 'पाय' हे गोड पदार्थ करून रेल्वेवरच्या मजुरांना विकायचे आणि त्या पैशांत शाळा चालवायची. शाळेसाठी घेतलेली जागा गावचा उकिरडा होती. एका विद्यार्थिनीला गोऱ्यांच्या इस्पितळात धड जागा मिळाली नाही, तर शाळेच्या आवारातच इस्पितळ काढलं. साबणवाले 'प्रॉक्टर अँड गॅम्बल'चे जेम्स गॅम्बल यांच्यासारखे धनिक हिवाळ्यात डेटोनाला येत; त्यांच्याकडे जाऊन बेथ्यूनबाई मागत आणि त्यांना विश्वस्त मंडळावर आणत.

दोघींचं अध्यक्षपद नियमांच्या पुस्तकात सारखंच. हाताखाली स्वायत्त क्लब, हुकूम नाही, सगळं विनंतीवर. पण विनंती कुणाला करायची, इथे वाटा फुटतात. जेनिंग्जबाई मागत तेव्हा समोर वडिलांचे सहकारी असत, नवऱ्याने उपकृत केलेले लोक असत. बेथ्यून यांना टॅलाहासीत मागण्यासारखं फार थोडं होतं आणि मिळण्यासारखं त्याहून कमी. राज्य सरकारने ओकालात मुलींची सुधारशाळा काढली ती गोऱ्या मुलींसाठी. कृष्णवर्णीय मुलगी कायद्याच्या कचाट्यात सापडली तर तिला ठेवायला तशी जागाच नव्हती. तेव्हा बेथ्यून यांच्या महासंघाने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ओकालातच असं घर स्वतः उघडलं. पैसा क्लबांचा, म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांचा. गोऱ्या महासंघाने सरकारचं जंगल सांभाळलं. या महासंघाने सरकारने टाकलेल्या मुली सांभाळल्या. मला विचाराल तर अध्यक्षपदाची खरी परीक्षा या दुसऱ्या ठिकाणी झाली.

१९२० मध्ये मत आलं, तेही दोघींना सारखं आलं नाही. बेथ्यून यांनी डेटोनात कृष्णवर्णीय बायकांची मतदार नोंदणी सुरू केली आणि मतदानाचा कर भरायला पैसे जमवले. निवडणुकीच्या तोंडावर एका रात्री कू क्लक्स क्लॅनचे लोक बुरखे घालून शाळेच्या आवारात आले. बेथ्यून यांनी दिवे लावायला सांगितले आणि मुलींना घेऊन भजनं सुरू केली. क्लॅनवाले परत गेले. नंतर त्या शंभरेक मतदारांना घेऊन केंद्रावर उभ्या राहिल्या.

१९२४ मध्ये बेथ्यून कृष्णवर्णीय बायकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. त्या निवडणुकीत त्यांनी हरवलं ते झुंडबळींविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांना. हा निकाल मला अजूनही थोडा बोचतो. वेल्स यांची जीभ तिखट होती, आणि विनंतीवर चालणाऱ्या संस्थेत तिखट जीभ मागे पडते. ज्या गुणांनी महासंघ टिकतात त्याच गुणांनी ते सावधही होतात.

२०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये फ्लोरिडाच्या वतीने बेथ्यून यांचा संगमरवरी पुतळा बसला. त्या जागी पूर्वी एडमंड कर्बी स्मिथ हा गुलामगिरीवाल्या दक्षिणेचा सेनापती होता. ठराव अर्थात टॅलाहासीच्या विधिमंडळाचा.

मराठी वाचकाला या गोष्टीत एक दुवा १९४५ मध्ये सापडतो. सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची सनद लिहिली जात होती. अमेरिकी शिष्टमंडळाच्या सल्लागारांत बेथ्यून होत्या. बोलता येत होतं, मत नव्हतं. त्याच शहरात विजयालक्ष्मी पंडित होत्या. सिंधुदुर्गातल्या बांबुळीशी नातं सांगणाऱ्या रणजित सीताराम पंडितांच्या त्या पत्नी, नुकत्याच विधवा झालेल्या. भारताचं अधिकृत शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारने नेमलेलं; त्यात पंडितबाईंना स्थान नव्हतं. त्या बाहेर सभा घेत होत्या, निवेदनं देत होत्या, पत्रकारांना भेटत होत्या. त्याही महासंघाच्याच तालमीतल्या: १९४१ ते १९४३ अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष, त्या परिषदेच्या, जिची पहिली बैठक जानेवारी १९२७ मध्ये पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात भरली होती. १९५३ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्ष झाल्या. बेथ्यून तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. आणि जॅक्सनव्हिलच्या जेनिंग्जबाई ऐंशी ओलांडून गेल्या होत्या.